क्लोन झाला, पण बूट होईना!

हार्ड डिस्कचा क्लोन केला, शंभर टक्के झालं, जुनी डिस्क काढून नवी लावली आणि समोर काळा स्क्रीन! हे नाटक एकदाही बघितलं नाही असा आयटीवाला विरळाच. मग सगळे नेटवरून कमांडा शोधून मारत बसतात. मला विचाराल तर आधी थोडा इतिहास बघावा. खरी मेख तिथेच आहे.

गोष्ट सुरू होते १९८१ मध्ये. आयबीएम पीसीच्या बायोसवर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली यांच्या टीमने ठरवलं की डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलून मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर ठेवायचा आणि कारभार त्याच्या हाती द्यायचा. हा विचित्र आकडा कुठून आला? डॉसला कमीत कमी ३२ केबी रॅम धरली होती. म्हणजे ३२,७६८ बाइट. त्यातले शेवटचे १०२४ या कामाला काढून ठेवले, बस्स. जुन्या पद्धतीच्या बायोसने आजही बूट केलं तर तोच पत्ता वापरला जातो!

१९८३ मध्ये १० एमबी हार्ड डिस्कवाला पीसी एक्सटी आला आणि सोबत डॉस २.०. आता या ५१२ बाइटांत पार्टिशन टेबलही कोंबायचं होतं. ४४६ बाइट कोडला, १६-१६ बाइटांच्या चार नोंदी, आणि शेवटी दोन बाइटांची खूण. वन रूम किचनमध्ये एकत्र कुटुंब म्हणतात ते हेच. पुढे विंडोज एनटी आलं, त्याला प्रत्येक डिस्क ओळखायला नंबर हवा होता. मग कोडच्याच जागेतले चार बाइट घेऊन तिथे 'डिस्क सिग्नेचर' लिहिली गेली. डिस्कची सहीच म्हणा ना.

सगळी भानगड या चार बाइटांची.

१९९५ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये मरे हॅझर्डने घोस्ट हे सॉफ्टवेअर लिहिलं, १९९८ मध्ये ते सिमॅन्टेकने विकत घेतलं. आपल्याकडच्या कॉलेज लॅबमध्ये 'घोस्ट मारणे' हे क्रियापदच झालं होतं. पण हुबेहूब कॉपीत सहीसुद्धा हुबेहूब येते, आणि विंडोजला एकाच सहीच्या दोन डिस्क चालत नाहीत. एक्सपीत रजिस्ट्रीमध्ये सही आणि ड्राइव्ह लेटर यांची जोडी असायची. क्लोन पहिल्यांदा जुनी डिस्क जोडलेली असताना चालू केला, तर जुनी डिस्क सी राहायची आणि क्लोनला दुसरंच अक्षर मिळायचं. जुनी काढली की लॉगिन केल्या केल्या लॉगऑफ! यावर विंडोज ९८ ची फ्लॉपी लावून 'एफडिस्क' ला 'एमबीआर' स्विच देत, म्हणजे सही पुसली जायची आणि एक्सपी अक्षरं नव्याने वाटायचं. जुगाड, पण चालायचा.

व्हिस्टापासून बूटची माहिती बीसीडी नावाच्या फाइलीत गेली, आणि तिथेही डिस्कची ओळख सहीनेच. विंडोज ७ मध्ये तर दुसरी डिस्क जोडली की ती ऑफलाइन दिसते. आपण हौसेने ऑनलाइन केली की विंडोज तिला नवी सही देतं, पण तिच्यावरच्या बीसीडीत सही जुनीच राहते. पुढच्या बूटला 'विनलोड सापडत नाही'. फाइल जागेवरच असते, पत्ता चुकलेला असतो. अशा वेळी इन्स्टॉलच्या सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून बूट करून 'बीसीडीबूट' चालवलं की बहुतेक वेळा काम भागतं. आणि मंडळी, पहिला बूट जुनी डिस्क काढूनच करा. ती लगेच फॉरमॅटही करू नका. घरच्यांचे दहा वर्षांचे फोटो तिच्यावरच असतात, आणि विंडोज सुरू झालं म्हणजे फोटो उघडतात असं नाही.

५१२ बाइटांचा हा संसार दोन टीबीच्या वरच्या डिस्कला पुरेना, कारण सेक्टरचा नंबर ३२ बिटांचा. म्हणून जीपीटी आणि यूईएफआय. (एमबीआर डिस्क क्लोन करून फक्त यूईएफआय चालणाऱ्या मशीनला लावली तर ती बूट होणारच नाही, हा आणखी एक नेहमीचा घोळ.) जीपीटीत डिस्कची ओळख १२८ बिटांची, जगात एकमेव असावी अशा बेताने केलेली. आणि काही क्लोन सॉफ्टवेअर तीही इमानेइतबारे जशीच्या तशी कॉपी करतात.