जिन्याखालचा अर्धा खण

आमच्या भागात घर किती मोठं हे चौरस फुटांत सांगायची पद्धत अगदी अलीकडची. आजोबांच्या पिढीपर्यंत घर मोजायचं ते खणांत. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचं घर, सात खणांचं माळवद, धाकट्याच्या वाटणीला दीड खण, असं. जिथे खण पुरा होत नाही तिथे जे उरतं त्याला मग धड नावही मिळत नाही. "ते जिन्याखालचं", "ते मागलं", "ते अंधारातलं", एवढंच. २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या अंबड तालुक्यातल्या घराची दुरुस्ती काढली तेव्हा सगळा वेळ आणि बराचसा पैसा या अर्ध्या-मुर्ध्या जागांनीच खाल्ला. घराचा खरा इतिहासही तिथेच सापडला. घरातल्या मंडळींना यातलं निम्मं ठाऊक आहे, निम्मं नसेल. म्हणून लिहून ठेवतोय.

आमच्याकडचा सगळ्यांत जुना कागद १३२५ फसलीचा. निजामाच्या राज्यात फसली सन चालायचा. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९१५-१६. कागद अर्धा मोडीत, अर्धा उर्दूत, आणि घरात आज दोन्हींपैकी एकही वाचणारं कुणी नाही (बाहेरून वाचून घेतला). तेव्हा अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. म्हणजे घर जिल्ह्यापेक्षा पासष्ट वर्षांनी मोठं!

जुन्या घरातल्या खोल्या आगगाडीच्या डब्यासारख्या लांबुडक्या का असतात हे मला लहानपणी कळत नसे. कारण साधं आहे. खोलीची रुंदी लाकडाच्या लांबीवर ठरते. सागवान आमच्याकडे होत नाही, बाहेरून आणायचं, आणि लांब तुळई महाग. त्यामुळे रुंदी नऊ-दहा फुटांवर अडते. लांबी मात्र खांबाला खांब जोडत कितीही वाढवा. तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडी किलचा, त्यावर पाला-तुराट्या, त्यावर चिखल आणि सगळ्यांत वर खारी माती. हे झालं माळवद. दर पावसाळ्याआधी त्यावर मातीची नवी पाटी पडायची, जुनी काढायचं कुणाच्या मनात येत नसे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला तरी आत माठातल्यासारखं गार. बाहेरच्या भिंतीला खिडकी नाही, उजेड वरच्या सवण्यातून येईल तेवढाच. चोर, ऊन आणि परक्यांची नजर, तिघांचाही बंदोबस्त एकाच भिंतीनं केलेला. ती भिंत अडीच-तीन फूट जाड. जिनाही तिच्याच पोटातून काढलेला, एका वेळी एकच माणूस आणि तोही तिरका होऊन चढेल असा.

या जिन्याखाली अर्ध्या खणाची जागा आहे. उभं राहिलं तर डोकं आपटतं. तिथे माझ्या थोरल्या आत्यानं साठ वर्षं काढली.

आत्याचा जन्म १९३९ चा. १९५८ साली, एकोणीस वर्षांची असताना, ती विधवा होऊन माहेरी परत आली. तिची ट्रंक जिन्याखाली ठेवली गेली, आणि ट्रंकेच्या शेजारी ती. कुणी तिला तिथे राहा म्हणाल्याचं कुणाला आठवत नाही. अशा गोष्टी कुणी म्हणत नसतं. तीन वर्षांनी, १९६१ ला, आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे झाले आणि चौकाच्या मधोमध भिंत उभी राहिली. आजोबा गेल्यावर १९८० साली आत्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं. १९५६ च्या वारसा कायद्यानं तिला बापाच्या मालमत्तेत हिस्सा होता, पण घरोघरी बहिणी सही करतात तशी तिनंही केली. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तिचं नाव कधीच लागलं नाही. जिन्याखालचा अर्धा खण तेवढा वहिवाटीनं तिचा.

आता बळदाविषयी. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: पेव जमिनीत असतं, बळद भिंतीत. आमच्याकडे माजघराच्या मागच्या भिंतीला समांतर दुसरी भिंत घालून मधे चार फूट रुंद, नऊ फूट लांब अशी बंद जागा ठेवली होती. वर माळवदात झाकणाचं भोक, खळ्यावरची ज्वारी तिथून ओतायची. खाली हातभर तोंड, दगड लावून मातीनं लिंपलेलं. लागेल तसं फोडायचं, काढायचं, पुन्हा लिंपायचं. राख आणि लिंबाचा पाला टाकलेला असला की किडा लागत नसे. पेवात उतरताना कोंडलेल्या हवेनं माणसं दगावत, बळदात ती भीती कमी. आणि नवख्या माणसाला भिंतीच्या आत काही आहे याचा पत्ता लागत नाही, हा मोठाच फायदा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद संस्थानात धान्याची सक्तीची लेव्ही आली तेव्हा हा फायदा पुष्कळांनी घेतला असणार.

आमच्या घरात बळदाची एक गोष्ट दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, ठरलेली असे. १९४८ साली रझाकारांच्या भीतीनं आजोबांनी घरातलं सोनं, तांब्याची भांडी आणि एक तिरंगा बळदात ज्वारीखाली पुरून ठेवला. १३ सप्टेंबरला फौजा आत शिरल्या, १७ ला निजाम शरण आला, आणि तिरंगा बाहेर निघाला. गोष्ट खरी आहे, तो तिरंगा मी पाहिला आहे.

बळदाची दुसरी गोष्ट मला २०२२ पर्यंत ठाऊकच नव्हती. बळद फोडायचं की नाही यावर आम्ही ओसरीवर बसून वाद घालत होतो. मी ठेवायच्या बाजूचा. एक चुलतभाऊ म्हणत होता, तिरंग्याची जागा आहे, तिथे पाटी लावू. आत्या भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाटी लावायची तर पिंजाऱ्याच्या बायकोची पण लावा."

मग जे सांगितलं ते असं. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर आठवड्याभरात गावात उलटं वारं फिरलं. गाद्या पिंजून देणारं एक मुसलमान कुटुंब होतं, त्यातला नवरा बेपत्ता झाला. त्याची बायको आणि दोन लेकरं रात्री परसदारानं आली आणि माझ्या आजीनं त्यांना बळदात उतरवलं. चार रात्री ती तिथे होती. आत्या तेव्हा नऊ वर्षांची. माळवदावर वाळवण राखायला म्हणून तिला बसवायचे, आणि भोकातून भाकरी व पाण्याचा तांब्या दोरीनं खाली सोडायचं काम तिचं. पाचव्या रात्री ती बाई लेकरांना घेऊन जालन्याच्या वाटेनं गेली. पुढे काय झालं कुणास ठाऊक. आजोबांना माहीत होतं का, असं विचारल्यावर आत्या म्हणाली, "त्यांनी विचारलं नाही, आईनं सांगितलं नाही."

त्या दिवसांत मराठवाड्यात काय झालं हे आम्हाला शाळेत शिकवलं नाही. भारत सरकारनं नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं हैदराबाद संस्थानात फिरून अहवाल दिला, त्यात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा आहे. तो अहवाल बराच काळ दाबून ठेवलेला होता, २०१३ च्या सुमारास लोकांना वाचायला मिळाला. रझाकारांनी आधी केलेले अत्याचार त्यामुळे खोटे ठरत नाहीत. आमच्या एकाच चार फुटी भिंतीत दोन्ही मावलं होतं, एका महिन्याच्या आत.

असो. बळद रिकामं झालं ते १९७२ ला. त्या दुष्काळात शेवटचा दाणा निघाला आणि रेशनवरची लाल मिलो घरात आली. ती भाकरी कशी लागायची हे सांगताना वडिलांचं तोंड अजून वाकडं होतं. त्यानंतर कापूस, मोसंबी, सोयाबीन असं जे पिकलं ते थेट बाजारात गेलं. साठवायलाच काही उरलं नाही, तोंड एकदा लिंपलं ते लिंपलं.

माळवदाची गोष्ट वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. किल्लारी आमच्यापासून बरीच लांब, आमच्याकडे भिंतीला चीर सुद्धा गेली नाही. पण घरं अगदी आमच्यासारखीच होती. मातीत बांधलेली जाड दगडी भिंत, तिच्या आतल्या-बाहेरच्या दोन पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या साचलेली माती. हलल्यावर भिंतीचे पदर सुटले आणि छत खाली आलं. त्या वर्षी आमच्या गावात दिवाळीपर्यंत लोक अंगणात झोपले. मग काकांनी वरची दोन पाट्या माती उतरवली, अर्ध्या घरावर पत्रे टाकले. पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस उकडून निघतो हे नंतर कळलं. पुढे ज्यांना जमलं त्यांनी वाडे पाडून स्लॅब टाकले. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया पाडणाऱ्या मिल आहेतच, सागाच्या तुळईची जागा तिथल्या लोखंडानं घेतली.

आमचा प्रश्न मात्र साधा होता. आत्याला त्र्याऐंशी वर्षं, गुडघे गेलेले, आणि संडास चौकापलीकडे परसात. तोही नशीब म्हणायचं. तिच्या आयुष्यातली पहिली पन्नास वर्षं अंधार पडायची वाट बघण्यात गेली. घरात पाणी आणि नळी नेता येईल अशी एकच जागा होती, बळद. चार बाय नऊ, ढाळ परसाकडे. मी पाटी आणि जतन वगैरे बोलत होतो तेव्हा आत्यानं निकाल दिला. "फोडा. मला काय करायचं त्या बळदाचं? रात्री तीनदा उठावं लागतं, लेकरा."

फोडणंही सोपं नाही. असल्या भिंतीत एकदम दार पाडलं तर वरचं सगळं खाली येतं. गवंडी जाणता होता. आधी आतल्या अंगानं निम्म्या जाडीत खाच घेऊन लोखंडी गर्डर बसवला, तो पक्का झाल्यावर बाहेरच्या अंगानं दुसरा, आणि मग खालचा दगड एकेक करून काढला. किल्लारीनंतर दुरुस्तीत शिकवलेली एक युक्ती आम्हीही केली: भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून, सळईचा तुकडा टाकून, काँक्रीट भरलं. झाला आरपार दगड. सगळ्यांत मोठी भीती पाण्याची, कारण मातीची चिणाई ओली झाली की लोणी. म्हणून जुन्या भिंतीला नळ लावलाच नाही. आत विटेची पातळ भिंत, मधे बोटभर पोकळी, आणि सगळे नळ विटेवर.

राहिलं वरचं भोक. इथे १९६१ ची वाटणी आडवी आली. बळद आमच्या हिश्श्यात, पण त्याच्या तोंडावरचं माळवद पलीकडच्यांच्या. म्हणजे धान्य त्यांच्या डोक्यावरून ओतायचं आणि आमच्या घरात काढायचं, अशी वाटणी कुणा शहाण्यानं केली देव जाणे! काच बसवायला आणि हवेची नळी काढायला पलीकडच्या काकांची परवानगी हवी होती. साठ वर्षांत दोन घरांत लग्नाच्या पत्रिकेपलीकडे बोलणं नव्हतं. आत्या स्वतः गेली, काठी टेकत. काय बोलली ते सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पलीकडचा मुलगा शिडी घेऊन हजर.

आता दुपारी बारा-साडेबाराला त्या भोकातून उन्हाचा एक गोल बरोबर बेसिनवर पडतो. बाकी वेळ दिवा लावावाच लागतो. पिंजाऱ्याच्या बायकोची पाटी लावली नाही, तिरंग्याचीही नाही. जिन्याखालची ट्रंक माजघरात, बळदाच्या नव्या दाराशेजारी आणली आहे आणि आत्याची कॉटही तिथेच. जिन्याखाली सध्या इन्व्हर्टर ठेवलाय. आत्याची एवढीच तक्रार आहे की वरची काच पारदर्शक का घेतली, पलीकडची पोरं माळवदावर पतंग उडवायला येतात.