ब्रिटनमध्ये छोटा भूकंप झाला की पुढे काय होतं? ‘तुम्हाला जाणवला का?’ या फॉर्ममागचं तंत्र

२७ फेब्रुवारी २००८. रात्रीचे १२ वाजून ५६ मिनिटं. इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये, मार्केट रेझन नावाच्या छोट्या गावाजवळ ५.२ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. धक्का काही सेकंदांचाच होता, पण इंग्लंड आणि वेल्सच्या मोठ्या भागात लोक झोपेतून जागे झाले. दक्षिण यॉर्कशायरमध्ये एका घराचं धुराडं कोसळून एक तरुण गंभीर जखमी झाला. बाकी बहुतेकांच्या बाबतीत खिडक्या खडखडल्या, कपाटं हलली आणि एकच प्रश्न उरला: हे फक्त मलाच जाणवलं की सगळ्यांना?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला लोक ऑनलाइन येतात, आणि त्याच गर्दीतून शास्त्रज्ञांना उपयोगी डेटा मिळतो. तो कसा, ते या लेखात पाहूया.

ब्रिटनमध्ये भूकंप होतात?

हो, दरवर्षी होतात. तिथली अधिकृत नोंद ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे, म्हणजे बीजीएस ही संस्था ठेवते. त्यांच्या यंत्रांवर वर्षाला काहीशे भूकंप उमटतात. त्यातले साधारण २० ते ३० लोकांना जाणवतात. बाकीचे इतके बारीक असतात की वरून ट्रक गेला तरी त्यापेक्षा जास्त हादरा बसेल.

ब्रिटन हा जपानसारखा प्लेटच्या कडेवर नाही, तो प्लेटच्या आत आहे. पण आतल्या खडकांवरही ताण साठत राहतो आणि जुन्या भेगा अधूनमधून सरकतात. ज्ञात इतिहासातला तिथला सर्वात मोठा भूकंप ७ जून १९३१ चा, सुमारे ६.१ मॅग्निट्यूडचा. तो उत्तर समुद्रात डॉगर बँकजवळ झाला. जमिनीवरचा मोठा म्हणजे १९ जुलै १९८४ चा, वेल्समधल्या लीन द्वीपकल्पातला, ५.४ चा.

धक्क्यानंतरची पहिली काही मिनिटं

ज्या देशात भूकंपाची सवय नाही, तिथे धक्का बसल्यावर माणसाच्या मनात आधी भूकंप येतच नाही. लोकांच्या वर्णनात नेहमी सापडणाऱ्या गोष्टी अशा असतात: घरावर अवजड ट्रक धडकला असेल, जवळपास स्फोट झाला असेल, वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं असेल, बॉयलर बिघडला असेल.

मग फोन हातात येतो. सोशल मीडियावर ‘आत्ता कुणाला काही जाणवलं का?’ अशा पोस्ट सुरू होतात. काही लोक थेट ९९९ ला, म्हणजे तिकडच्या आपत्कालीन नंबरला फोन लावतात. कुणी जखमी नसेल, आग किंवा गॅसगळती नसेल, तर असा फोन लावू नये, कारण खरी गरज असलेला माणूस त्याच लाइनवर थांबलेला असतो.

भूकंप आहे हे पक्कं झालं आणि नुकसान नाही हेही कळलं, की विनोद सुरू होतात. बागेत आडवी पडलेली एकच प्लास्टिकची खुर्ची आणि ‘आपण पुन्हा उभं राहू’ अशी ओळ, हा मीम तुम्ही पाहिला असेल. तो २०११ च्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया भूकंपानंतर पसरला, पण ब्रिटनच्या छोट्या धक्क्यांना तो अगदी फिट बसतो. गंमत ठीक आहे. फक्त त्या मीमसोबत दोन मिनिटं काढून फॉर्मही भरला, तर त्या धक्क्याची कायमची नोंद राहते.

यंत्रं असताना लोकांना का विचारतात?

कारण यंत्र आणि माणूस दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

मॅग्निट्यूड म्हणजे भूकंप मुळात किती मोठा होता. तो एका भूकंपासाठी एकच आकडा असतो. ही पट्टी साधी नाही: एक अंक वाढला की नोंदलेली हालचाल १० पट होते आणि बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे ३२ पट.

तीव्रता म्हणजे तुमच्या जागी तो किती जाणवला. ती गावागावात बदलते. ब्रिटनमध्ये त्यासाठी युरोपियन मॅक्रोसिस्मिक स्केल, ईएमएस-९८, वापरतात. त्यात १ ते १२ पायऱ्या आहेत:

- १: कुणालाच जाणवत नाही
- ३: घरातल्या मोजक्या लोकांना जाणवतं, टांगलेल्या वस्तू किंचित हलतात
- ४: घरातल्या बऱ्याच लोकांना जाणवतं, खिडक्या-दारं-भांडी खडखडतात
- ५: झोपलेले बरेच जण जागे होतात, हलक्या वस्तू पडू शकतात
- ६: काही घरांना भेगा, प्लास्टर पडणं असं किरकोळ नुकसान
- १२: जवळपास सगळं उद्ध्वस्त

फरक कळण्यासाठी एक उदाहरण. २८ एप्रिल २००७ ला सकाळी केंटमधल्या फोकस्टन शहरात सुमारे ४.२ चा भूकंप झाला. आकड्याने तो मार्केट रेझनपेक्षा खूप लहान होता. पण तो उथळ होता आणि थेट शहराजवळ झाला. त्यामुळे धुराडी पडली, भिंतींना भेगा गेल्या आणि काही लोकांना घर सोडावं लागलं. मार्केट रेझनचा भूकंप बराच खोल, सुमारे १८ किलोमीटरवर झाला होता. नुसता मॅग्निट्यूड पाहिला असता तर फोकस्टनची ही हालत कळली नसती.

प्रत्येक गल्लीत भूकंपमापक बसवणं शक्य नाही, पण प्रत्येक गल्लीत माणूस असतोच.

फॉर्ममध्ये काय विचारतात?

बीजीएसच्या फॉर्ममध्ये प्रश्न साधे असतात. तुम्ही कुठे होता, पोस्टकोड काय, घरात की बाहेर, कितव्या मजल्यावर, जागे होता की झोपलेले? धक्का जाणवला का, आवाज आला का? खिडक्या वाजल्या का, चित्रं हलली का, काही पडलं का, भिंतीला भेग गेली का?

‘तुम्हाला किती भीती वाटली, १० पैकी गुण द्या’ असं कुणी विचारत नाही. प्रश्न शक्यतो दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या गोष्टींवर असतात. ‘भयानक होतं’ हे वाक्य कॉम्प्युटरला मोजता येत नाही. ‘मांडणीवरचे कप वाजले, पण पडले नाहीत’ हे मोजता येतं.

पुढचं काम डेटा प्रोसेसिंगचं. नकाशावर चौकटी पाडतात आणि एका चौकटीतले रिपोर्ट एकत्र करतात. पुरेसे रिपोर्ट असतील तरच त्या चौकटीला तीव्रतेचा आकडा देतात. एखाद्याने अतिशयोक्ती केली तरी बाकीच्यांच्या उत्तरांमुळे ती उघडी पडते.

अजून एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: ‘जाणवलं नाही’ हे उत्तरही महत्त्वाचं आहे. धक्का कुठपर्यंत पोचला याची सीमा त्यावरूनच आखता येते. फक्त जाणवलेल्या लोकांनी फॉर्म भरला तर नकाशा खऱ्यापेक्षा जास्त तीव्र दिसतो.

पोस्टमास्तरापासून अ‍ॅपपर्यंत

ही कल्पना इंटरनेटची नाही. स्कॉटलंडमध्ये कॉम्री नावाचं गाव आहे. तिथे १८३९ च्या सुमारास एकामागून एक धक्के बसत होते. गावातले पोस्टमास्तर पीटर मॅकफार्लेन आणि चांभार जेम्स ड्रमंड यांनी त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली: कधी बसला, किती जोराचा, आवाज आला का. पुढे या कामासाठी शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली आणि सुरुवातीची भूकंपमापक यंत्रं कॉम्रीत बसवली गेली. १८७४ मध्ये त्यासाठी बांधलेलं छोटंसं ‘अर्थक्वेक हाउस’ आजही तिथे उभं आहे.

पोस्टमास्तरांच्या वहीचं काम आता फोन करतो. फ्रान्समधून चालणारी ईएमएससी ही संस्था ‘लास्टक्वेक’ नावाचं अ‍ॅप चालवते. त्यात प्रश्नांऐवजी चित्रं असतात. तुमच्या अनुभवाशी जुळणारं चित्र निवडलं की रिपोर्ट गेला. भाषा येण्याचीही गरज नाही. शिवाय ही संस्था आपल्या वेबसाइटवरचा ट्रॅफिकही पाहते. एखाद्या भागातून अचानक खूप लोक साइटवर आले, तर तिथे काहीतरी हललं असा अंदाज, यंत्रांचा हिशोब पूर्ण व्हायच्या आधीच, बांधता येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचा लोड हाच सेन्सर.

बातमीतला आकडा का बदलतो?

१७ फेब्रुवारी २०१८, शनिवार दुपार. वेल्समध्ये स्वॉन्सीच्या उत्तरेला भूकंप झाला. बातम्यांमध्ये आकडा आला ४.४. नंतर बीजीएसने तो ४.६ केला. अशा वेळी लोकांना वाटतं की काहीतरी लपवलं जातंय.

खरं कारण साधं आहे. पहिला आकडा घाईचा असतो, मोजक्या केंद्रांच्या डेटावर काढलेला. नंतर तज्ज्ञ जास्त केंद्रांच्या नोंदी तपासतात. शिवाय वेगवेगळ्या संस्था मॅग्निट्यूडचे वेगवेगळे प्रकार वापरतात, म्हणून दोन अ‍ॅपवर दोन आकडे दिसू शकतात. ०.२ चा फरक छोटा वाटतो, पण ऊर्जेत तो जवळपास दुप्पट असतो. त्यामुळे दुरुस्ती करणं हे चांगल्या कामाचंच लक्षण समजा.

बातमी वाचताना तीन गोष्टी पाहा: आकडा कुणी दिला, खोली किती, आणि नुकसान खरोखर झालंय की मथळ्यातच ‘हादरलं’ आहे.

भूकंप नसलेले ‘भूकंप’

१२ जानेवारी २०२१ ला लंडन आणि आसपासच्या भागात मोठा धमाका ऐकू आला, घरं थरथरली. अनेकांना भूकंप किंवा स्फोट वाटला. प्रत्यक्षात संपर्क तुटलेल्या एका नागरी विमानाकडे रॉयल एअर फोर्सची टायफून विमानं ध्वनीपेक्षा जास्त वेगाने निघाली होती. तो सॉनिक बूम होता. त्याच वर्षी २० मार्चला नैऋत्य इंग्लंडमध्ये ऐकू आलेला धमाका आकाशात फुटलेल्या उल्केचा निघाला.

आणि जून २०२४ मध्ये एडिंबरात टेलर स्विफ्टच्या कॉन्सर्टला प्रेक्षक इतके नाचले की स्टेडियमपासून ६ किलोमीटरपर्यंतच्या यंत्रांवर ते उमटलं! म्हणजे यंत्रावर रेघ हलली म्हणून भूकंप झाला असं होत नाही. रेघेचा आकार आणि लोकांचे रिपोर्ट दोन्ही जुळावे लागतात.

छोटा धक्का, मोठा निर्णय

आता मुद्द्याची गोष्ट. ‘एवढ्याशा धक्क्याचा काय रिपोर्ट करायचा?’ असं वाटत असेल तर लँकशायर पाहा.

तिथे ब्लॅकपूलजवळ प्रेस्टन न्यू रोड इथे शेल गॅससाठी फ्रॅकिंग सुरू होतं, म्हणजे खोल खडकात जोराने पाणी सोडून गॅस काढणं. नियम असा होता की काम चालू असताना ०.५ किंवा त्याहून मोठा भूकंप झाला तर किमान १८ तास थांबायचं. २६ ऑगस्ट २०१९ ला २.९ चा धक्का बसला. म्हणजे मर्यादेच्या सुमारे २५० पट हालचाल. तो आजूबाजूच्या लोकांना स्पष्ट जाणवला, काहींनी घराला बारीक भेगा गेल्याचं कळवलं. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला सरकारने इंग्लंडमधलं फ्रॅकिंग थांबवलं.

सरेमध्ये गोष्ट वेगळी झाली. १ एप्रिल २०१८ पासून न्यूडिगेट गावाच्या परिसरात छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. जवळ तेलविहीर असल्यामुळे लोकांचा संशय तिच्यावर गेला आणि शास्त्रज्ञांमध्येही मतभेद झाले. परिसरात तात्पुरती यंत्रं बसवली गेली. तज्ज्ञांच्या बैठकीत मात्र विहिरीशी कार्यकारण संबंध असल्याचा पुरावा मिळाला नाही. तक्रारीवरून तपास सुरू होतो, पण निष्कर्ष डेटावरूनच निघतो.

तुम्हाला धक्का जाणवला तर

१. आधी स्वतःला सांभाळा. मजबूत टेबलाखाली जा, काचेपासून लांब राहा.
२. वेळ लगेच टिपा, अंदाजे नको.
३. इतरांच्या पोस्ट वाचायच्या आधी रिपोर्ट भरा. दुसऱ्याचं वाचून आपली आठवण बदलते.
४. जे दिसलं-ऐकलं तेवढंच लिहा. मजला नक्की सांगा, कारण वरच्या मजल्यांवर हालचाल जास्त जाणवते.
५. काही जाणवलं नसेल तर तेही कळवा.
६. ‘आता याहून मोठा येणार’ असे फॉरवर्ड पुढे पाठवू नका. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगता येत नाही.

शिकायला किंवा नोकरीला ब्रिटनमध्ये असाल तर रिपोर्ट बीजीएसच्या साइटवर भरा. लास्टक्वेक आणि अमेरिकेच्या यूएसजीएसचा ‘डिड यू फील इट?’ फॉर्म जगात कुठूनही भरता येतो, अगदी महाराष्ट्रातूनही. भारतातल्या भूकंपांची अधिकृत माहिती मात्र राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडूनच घ्या. आणि अँड्रॉइडमधल्या भूकंप अलर्टवर पूर्ण विसंबू नका. तो ४.५ आणि त्याहून मोठ्या भूकंपांसाठी आहे. त्याहून लहान धक्क्यांची गाववार नोंद अजूनही तुमच्या-आमच्यासारख्यांच्या रिपोर्टवरच उभी राहते.