फ्लॅशची बिनतारी कळ

नागपुरात मे महिन्यातले दुपारचे लग्न म्हणजे छायाचित्रकाराची कसोटी. मांडवाबाहेर डोळे दिपवणारे ऊन, आत रंगीत कापडातून गाळून आलेला उजेड आणि त्यात वधूवरांचे सावलीतले चेहरे. अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा येत नाही.

कॅमेऱ्यावरच बसवलेल्या फ्लॅशने चेहरा सपाट दिसतो. तोच फ्लॅश स्टँडवर छत्रीसह बाजूला ठेवला, तर चेहऱ्याला उठाव येतो. प्रश्न उरतो तो त्याला वेळेवर इशारा देण्याचा. तारेत पाहुण्यांचे पाय अडकतात. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटणारा ‘ऑप्टिकल स्लेव्ह’ भर उन्हात दगा देतो आणि मांडवात कोणाही पाहुण्याच्या फ्लॅशला प्रतिसाद देत बसतो. रेडिओ ट्रिगरला या अडचणी नाहीत. कॅमेऱ्याच्या हॉट शूवरील प्रक्षेपक रेडिओ संदेश पाठवतो, फ्लॅशला जोडलेला ग्राहक तो घेतो. दोघे एकमेकांना दिसण्याची गरज नसते.

मात्र वधूपक्ष आणि वरपक्ष यांचे छायाचित्रकार वेगवेगळे असतील आणि दोघांचे ट्रिगर एकाच बनावटीचे, एकाच चॅनलवर असतील, तर एकाने कळ दाबताच दुसऱ्याचाही फ्लॅश उडतो. फ्लॅश पुन्हा भरायला काही सेकंद लागतात. नेमका त्याच वेळी अंतरपाट दूर होतो! मुहूर्तापूर्वी चॅनल वाटून घेणे हाच यावरचा उपाय. मानापमानाचे इतर विषय मंडपात पुष्कळ असतात.

लहरींची बाबही महत्त्वाची आहे. आज बाजारातील बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. भारतात हा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. वाय-फायही तिथेच असल्याने गर्दीच्या सभागृहात चॅनल बदलून पाहावा लागतो. अमेरिकेतल्या नातलगाकडून पॉकेटविझार्ड मागवणाऱ्यांनी जरा थांबावे. तिथले जुने संच सुमारे ३४४ मेगाहर्ट्झवर, तर युरोपसाठीचे ४३३ वर चालतात. दोघांचे आपसांत जमत नाही आणि ३४४ चा पट्टा भारतात परवानामुक्त नाही.

साधा ट्रिगर फक्त ‘पेट’ एवढेच सांगतो. प्रकाशाची तीव्रता फ्लॅशवरच हाताने ठरवावी लागते. अंतर दोन मीटरवरून चार मीटर झाले, की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. शटरचा वेग बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० ते १/२५० सेकंदांपुढे नेता येत नाही. नेल्यास चित्रात काळा पट्टा उमटतो, कारण शटर पूर्ण उघडलेलेच नसते. त्यापुढे जायचे तर ‘हाय स्पीड सिंक’ची सोय फ्लॅश आणि ट्रिगर या दोन्हींत हवी. तिची किंमत प्रकाशात मोजावी लागते आणि मेच्या उन्हाशी झुंजताना ती जड जाते.

जुने फ्लॅश वापरणाऱ्यांनी आधी त्यांचा ट्रिगर व्होल्टेज मोजावा. काहींचा २०० व्होल्टच्या वर जातो आणि इतका दाब ग्राहकाला सोसेलच असे नाही. बॅगेत एक सिंक कॉर्ड आणि ताजे सेल असू द्यावेत. मंगलाष्टके सुरू होण्याआधी बोहल्यावरून एकदा फ्लॅश उडवून पाहावा.