खाद्य-झुरळांची जलव्यवस्था

पाळीव सरडे, कोळी इत्यादींच्या खाद्यासाठी वाढविलेल्या झुरळांना, पिल्ले बुडू न देता पाणी पुरविण्याची पद्धत. अशा खाद्यासाठी मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील ब्लॅप्टिका डुबिया ही जाती पाळतात (→ झुरळ). झुरळाची श्वसनरंध्रे शरीराच्या दोन्ही कडांना असतात. डुबियाला गुळगुळीत पृष्ठावर चढता येत नाही, त्यामुळे नवजात पिल्लू उथळ बशीतल्या पाण्यातही अडकून, ही रंध्रे बुडाल्याने गुदमरते. म्हणून उघड्या पाण्याऐवजी जलशोषक बहुवारिकाचे दाणे वापरतात (→ बहुवारिके). शेतीत मातीचा ओलावा टिकविण्यासाठीही ते वापरतात. साखरेच्या कणाएवढा कोरडा दाणा पाण्यात फुगून पारदर्शक, लिबलिबीत गोळा होतो. पिल्ले त्यावर उभी राहून ओलावा चोखतात. क्षारयुक्त पाण्यात तो कमी फुगतो. शेतीसाठी कीटकनाशक वा खत मिसळलेले दाणे येथे वर्ज्य. गाजर, संत्र्याच्या फोडी यांतूनही पाणी मिळते, मात्र उरलेले तुकडे लवकर बुरसतात. ओला स्पंज जंतूंचे आगर ठरतो. फुगलेल्या दाण्यांची बशी कोरड्या खाद्यापासून दूर ठेवतात, कारण ओले खाद्य, विष्ठा व उष्णता एकत्र आल्यास बुरशी व माइट वाढतात (→ बुरशी). वाळलेले किंवा मळलेले गोळे बदलतात.