पंचवटीचे पांच वृक्ष

गोदावरीच्या डाव्या तीरावरील नाशिकच्या भागास पंचवटी म्हणतात. हें नांव राजाचें नाहीं, देवाचेंही नाहीं. तें वृक्षांचें आहे. सीतागुंफेजवळचे जुने वड यात्रेकरूंस आवर्जून दाखविले जातात, आणि पांच वटांचा समूह ती पंचवटी, हा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु पुराणांत दुसराही अर्थ सांपडतो. पूर्वेस अश्वत्थ, उत्तरेस बिल्व, पश्चिमेस वट, दक्षिणेस आंवळी आणि आग्नेयेस अशोक अशी पांच वृक्षांची स्थापना करावी, तिचें नांव पंचवटी. पहिल्या अर्थानें पंचवटी ही एक जागा ठरते. दुसऱ्या अर्थानें तें कोणासही करतां येण्याजोगें कर्तव्य ठरतें.

वाल्मीकींनीं अरण्यकांडांत येथील वृक्षांची नामावळीच दिली आहे. तींतील खदिर म्हणजे आपला खैर, किंशुक म्हणजे पळस व धव म्हणजे धावडा. हे तिन्ही वृक्ष नाशिक जिल्ह्याच्या पानझडी रानांत आजही आढळतात. त्याच नामावळींतील शाल मात्र सह्याद्रीच्या या भागांत होत नाहीं. तेव्हां ती यादी कवीची आहे, वनाधिकाऱ्याची नव्हे, हें लक्षांत ठेविलें पाहिजे.

काव्याहून निश्चित पुरावा शहराच्या दक्षिणेस, त्रिरश्मि डोंगरांतील पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या प्रारंभींचा लेख तेथें कोरलेला आहे. भिक्षुसंघासाठीं ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवून, तिच्या व्याजाचा दरही त्यानें नोंदविला. आणि त्याच लेखांत चिखलपद्र गांवचीं नारळाचीं ८,००० झाडें दिल्याचें नमूद केलें. झाड म्हणजे पिढ्यानुपिढ्या उत्पन्न देणारी ठेव, अशीच त्या काळची समजूत होती.

ही समजूत निसर्गासही धरून आहे. ब्रह्मगिरीवर गोदावरी औदुंबराच्या मुळाशीं प्रकटली, अशी श्रद्धा आहे. उंबराच्या आसपास भूमिगत जलाची शीर असते, असें वराहमिहिरानेंही बृहत्संहितेंत सांगितलें आहे. वड, पिंपळ व उंबर हे एकाच कुळांतले. इतर वृक्ष निष्फळ असतांना यांपैकीं कोणी ना कोणी फळांनीं लगडलेला असतो, आणि पक्षी त्यावर निर्वाह करून बीज दूरवर नेतात. मादागास्करहून आलेला गुलमोहर अथवा ऑस्ट्रेलियाची निलगिरी सावली व लांकूड देईल. परंतु पक्ष्यांचें हें अन्नछत्र त्यांस चालवितां येत नाहीं.

सन २०२५ च्या अखेरीस हा प्रश्न तपोवनांत उभा राहिला. सिंहस्थांतील साधुग्रामासाठीं तेथील सतराशेंहून अधिक झाडें तोडणें वा हलविणें यांविषयींची सूचना महापालिकेनें काढली. त्यावर शेंकडों नागरिकांनीं हरकती नोंदविल्या. साधूंस उतरण्यास जागा हवी, हें खरें. तपोवन वृक्षांवांचून तपोवन राहत नाहीं, हेंही तितकेंच खरें. बदली रोपें लावण्याचें आश्वासनही दिलें गेलें. रोप एका दिवसांत लागतें, पण पक्ष्यांस व वाटसरूंस आश्रय देण्याजोगा वड होण्यास दोन पिढ्या जातात. पंचवटीची स्थापना करणाऱ्यांनीं हा काळाचा हिशेब आधींच मनांत धरला असला पाहिजे. कारण लावणाऱ्यास त्या वडाची पुरती सावली क्वचितच लाभते.