गोल सुईवरील मोजेविणकाम

गोल सुईवरील मोजेविणकाम ही लवचीक केबलने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर पायमोजा नळीच्या आकारात, बिनशिवणीचा विणण्याची पद्धत आहे. पूर्वापार पद्धतीत हे काम चार किंवा पाच सुट्या दुटोकी सुयांवर, म्हणजे दोन्ही बाजूंना टोक असलेल्या सुयांवर केले जाते. गोल सुई वापरल्याने सुयांची संख्या कमी होते, टाके निसटण्याचा धोका घटतो आणि सुयांच्या सांध्यांवर पडणाऱ्या फटी कमी होतात. मोज्याची घडण मात्र दोन्ही पद्धतींत सारखीच राहते.

मराठीत ‘विणकाम’ हा शब्द हातमागावरील कापड विणण्यासाठी आणि सुयांवरील लोकरकामासाठी असा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. या लेखात तो दुसऱ्या अर्थाने आला आहे. ‘मोजा’ हा शब्द फारसीतून आला असून मूळ फारसी शब्दाचा अर्थ उंच जोडा असा आहे.

पार्श्वभूमी

सुयांवर गोलाकार विणण्याची कला जुनी आहे. इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुती धाग्यांचे नक्षीदार मोजे साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकांतील मानले जातात. जर्मन चित्रकार मास्टर बर्ट्राम यांच्याशी निगडित असलेल्या, इ.स. १४०० च्या सुमारास रंगवलेल्या बुक्स्टेहूड वेदीचित्रात मेरी चार सुयांवर बिनशिवणीचा अंगरखा विणताना दिसते.

भारतात मोजेविणकामाची ठळक परंपरा हिमालयीन प्रदेशात आढळते. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात केलाँग येथे आलेल्या मोरेव्हियन मिशनऱ्यांनी, विशेषतः मारिया हायडे यांनी, स्थानिक स्त्रियांना सुयांवरील विणकाम शिकवले. लाहौलच्या विणलेल्या मोज्यांना व हातमोज्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

गोल सुई विसाव्या शतकात प्रचारात आली. तिचा वापर वाढवण्यात एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांच्या लेखनाचा मोठा वाटा आहे. मोज्यासारख्या अरुंद नळीसाठी ही सुई वापरण्याच्या पद्धती मात्र बऱ्याच उशिरा रूढ झाल्या. कॅट बोर्डी यांच्या २००१ मधील पुस्तकाने दोन गोल सुयांची पद्धत लोकप्रिय केली, तर सारा हॉश्का यांनी वापरलेली ‘मॅजिक लूप’ पद्धत बेव्हर्ली गॅलेस्कस यांच्या २००२ मधील पुस्तिकेमुळे सर्वत्र पोहोचली.

दुटोकी सुयांची अडचण

प्रौढ व्यक्तीच्या मोज्याचा घेर साधारण २० सेंटिमीटर असतो. नेहमीच्या ६० किंवा ८० सेंटिमीटर लांबीच्या गोल सुईवर इतके थोडे टाके सरळ पसरत नाहीत. म्हणून टाके चार दुटोकी सुयांवर वाटून पाचव्या सुईने विणण्याची रीत पडली. एका सुईवरून दुसरीवर जाताना धागा किंचित सैल राहतो. तोच सैलपणा प्रत्येक फेरीत त्याच जागी आल्यास मोज्यावर शिडीसारखी उभी फट दिसू लागते. चार सुयांवर अशा चार जागा असतात, गोल सुईच्या दुहेरी मांडणीत दोनच, तर आखूड गोल सुईवर एकही नसते.

पद्धती

मॅजिक लूप पद्धतीत ८० ते १०० सेंटिमीटर लांबीची एकच गोल सुई लागते. सर्व टाके केबलवर सरकवून मध्यभागी केबल फासासारखी बाहेर ओढली जाते. त्यामुळे टाक्यांचे दोन समान भाग समोरासमोर येतात. पुढचा भाग सुईच्या टोकावर ठेवून मागचे टोक बाहेर काढतात व त्याने पुढचे टाके विणतात. अर्धी फेरी झाली की काम फिरवून हीच कृती पुन्हा केली जाते. या पद्धतीसाठी केबल मऊ असणे आवश्यक असते, कारण ताठ केबल टाक्यांना ओढून फट पाडते.

दोन गोल सुयांच्या पद्धतीत अर्धे टाके एका सुईवर आणि उरलेले दुसरीवर असतात. प्रत्येक भाग त्याच्याच सुईच्या दोन्ही टोकांनी विणायचा असतो. चुकून दुसऱ्या सुईचे टोक घेतल्यास सगळे टाके एकाच सुईवर जमा होतात. नवशिक्यांची ही नेहमीची चूक असून दोन वेगळ्या रंगांच्या सुया घेतल्यास ती टळते.

आखूड गोल सुईच्या पद्धतीत सुमारे २३ सेंटिमीटर लांबीची सुई वापरतात. काम न फिरवता सलग विणता येते, परंतु टोके फार लहान असल्याने काहींच्या बोटांवर ताण येतो. पंजाच्या टोकाशी टाके कमी झाल्यावर या सुईवरून दुसऱ्या पद्धतीकडे वळावेच लागते.

पहिल्या दोन पद्धतींत दोन स्वतंत्र गुंडे घेऊन जोडीतील दोन्ही मोजे एकाच वेळी विणता येतात. त्यामुळे दोहोंची लांबी व ताण सारखा राहतो आणि दुसरा मोजा अर्धवट पडून राहत नाही.

मोज्याची घडण

बारीक धागा, २.५ मिलिमीटरची सुई आणि १० सेंटिमीटरमध्ये ३२ टाके असा ताण धरल्यास प्रौढ मोज्यासाठी ६४ टाके घालावे लागतात. मॅजिक लूपवर ते ३२-३२ असे विभागले जातात. फेरी जोडताना टाक्यांची रांग पिळलेली नाही याची खात्री करून घ्यावी लागते, कारण पीळ राहिल्यास तो नंतर काढता येत नाही व सगळे विणकाम उसवावे लागते.

वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशा टाक्यांची असते. त्यानंतर घोट्यापर्यंत सर्व टाके सुलट विणले जातात. टाचेसाठी ३२ टाक्यांवर ३२ ओळी मागेपुढे विणतात. उरलेले ३२ टाके तोपर्यंत केबलवर विसावलेले राहतात, ते वेगळ्या सुईवर काढावे लागत नाहीत. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलल्याने कडेला १६ लांब टाके तयार होतात.

टाच वळवताना मध्यभागापासून दोन्ही बाजूंना आळीपाळीने दोन टाके एकत्र विणत आखूड ओळी घेतल्या जातात व शेवटी १८ टाके उरतात. दोन्ही कडांवरून १६-१६ टाके उचलल्यावर तळव्याच्या बाजूस ५० आणि वरच्या बाजूस ३२ असे एकूण ८२ टाके होतात. तळव्याच्या दोन्ही टोकांशी एकेक टाका एक फेरी सोडून एक असा नऊ वेळा कमी केला की पुन्हा ६४ टाके राहतात. यातून मोज्याच्या दोन्ही बाजूंना कळीसारखे त्रिकोण तयार होतात. गोल सुईवर हे घटवण्याचे टाके नेमके भागांच्या टोकाशी येत असल्याने वेगळी खूण लावण्याची गरज भासत नाही.

बोटांकडे एक फेरी सोडून एक अशी चार-चार टाक्यांची घट आठ वेळा केल्यावर ३२ टाके उरतात. पुढे प्रत्येक फेरीत घट करून १६ टाके ठेवतात आणि आठ-आठ टाक्यांच्या दोन रांगा शिवणाच्या सुईने किचनर टाक्यात जोडतात. या जोडाला कड येत नाही.

बाळाचे मोजे

महाराष्ट्रात घरी विणलेल्या मोज्यांचे नेहमीचे स्थान बाळंतविड्यात असते. टोपडे, झबले, दुपटे यांबरोबर लोकरीचे मोजे देण्याची रीत अनेक घरांत आहे. हे मोजे बहुधा दोन सरळ सुयांवर सपाट विणून मागच्या बाजूने शिवले जातात. त्यामुळे टाचेखाली व तळव्याला शिवणीची कड राहते.

नवजात बाळाच्या मोज्यास ३२ ते ४० टाके पुरतात. चार दुटोकी सुयांवर वाटल्यास प्रत्येकीवर जेमतेम आठ ते दहा टाके येतात आणि सुया वजनाने घसरू लागतात. गोल सुईवर हीच अडचण दूर होऊन मोजा बिनशिवणीचा होतो.

बाळाच्या मोज्यात आतील बाजूची सफाई सुरक्षिततेशी निगडित असते. मोज्यातील सुटा धागा किंवा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेल्यास फास बसून रक्तप्रवाह थांबू शकतो. बाळाला दुखणे सांगता येत नाही व मोज्यामुळे बोट दिसत नाही, म्हणून हे लक्षात यायला उशीर होतो. यासाठी बाळाच्या मोज्यात मागे लांब धागे सोडणारी रंगीत नक्षी टाळतात, धाग्याची टोके टाक्यांत नीट ओवून घेतात आणि घालण्यापूर्वी मोजा उलटा करून तपासतात.

हवामान व धाग्याची निवड

नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या शहरात हवा दमट असते व थंडी सौम्य असते. त्यामुळे जाड लोकरी मोजे रोजच्या वापरात येत नाहीत. त्यांचा उपयोग नवजात बाळे, वातानुकूलित कार्यालये आणि थंड प्रदेशातील प्रवास यांपुरता राहतो. एरवी सुती किंवा सूतमिश्रित धागा सोयीचा ठरतो. सुती धाग्याला लोकरीइतका ताण नसतो, म्हणून मोजा पायाच्या घेरापेक्षा थोडा लहान विणतात आणि वरची पट्टी लांब ठेवतात. पावसाळ्यात लोकरी मोजे पूर्ण वाळवून बंद पिशवीत ठेवावे लागतात. त्यात कडुनिंबाची वाळलेली पाने घालण्याची घरगुती पद्धत आहे.

महाराष्ट्रातील दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. धनगर समाजाच्या घोंगड्यांसाठी ती उपयुक्त असली तरी त्वचेलगतच्या मोज्यांसाठी योग्य नसते. गोल सुया भारतातही तयार होतात. निलगिरीतील केट्टी येथील नीडल इंडस्ट्रीज ही कंपनी ‘पोनी’ या नावाने, तर ‘निटप्रो’ ही जयपूर येथे उत्पादन करणारी कंपनी त्यांची निर्मिती करते.

मर्यादा

गोल सुईच्या दुहेरी मांडणीत प्रत्येक अर्ध्या फेरीनंतर केबल ओढावी व टाके सरकवावे लागतात. दुटोकी सुयांची सवय असलेल्यांना हे संथ वाटते आणि अनेक कुशल विणकर आजही जुन्याच सुया पसंत करतात. केबल आणि सुईचा सांधा खडबडीत असल्यास बारीक धागा त्यात अडकतो. दुसरीकडे, काम मध्येच थांबवायचे झाल्यास टाके केबलवर सरकवून ठेवता येतात व सुटी सुई हरवण्याची भीती राहत नाही. त्यामुळे प्रवासात विणणाऱ्यांना ही पद्धत सोयीची वाटते.

हे सुद्धा पहा

विणकाम
क्रोशे
लोकर
घोंगडी