सागरी शस्त्रवाहतूक-प्रतिबंध

समुद्रमार्गे शत्रूकडे किंवा अनधिकृत हाती जाणारी शस्त्रास्त्रे नौदलाने वाटेतच अडविण्याची व्यवस्था. जहाज थांबविणे, कागदपत्रे तपासणे, झडती घेणे व निषिद्ध माल जप्त करणे, हे तिचे प्रमुख भाग होत.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत रूढ केली. कार्ताझ या परवान्यात जहाजाचा आकार, तांडेलाचे नाव, गंतव्य बंदर व जहाजावरील शस्त्रे यांची नोंद असे. दारूगोळा, लोखंड, मिरी इ. माल वर्ज्य असे व परवान्याविना आढळलेले जहाज जप्त होई. समुद्र कोणा एका राष्ट्राच्या मालकीचा नाही, असा सिद्धांत डच विधिज्ञ ग्रोशियस याने १६०९ मध्ये मांडला. तथापि प्रत्यक्षात आरमाराचे बळ हाच अधिकाराचा आधार राहिला.

पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातील राजगड ही शिवाजी महाराजांची राजधानी असताना या परिस्थितीची झळ स्वराज्यास लागली. वेल्ह्याहून मढे घाटाने व भोरहून वरंधा घाटाने कोकणात उतरता येई. परंतु त्यापुढील समुद्र परसत्तांच्या ताब्यात होता. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर महाराजांनी तेथे जहाजबांधणी सुरू केली. ही जहाजे खाडीबाहेर पडू नयेत, असे पोर्तुगीजांचे धोरण त्यांच्या १६५९ च्या पत्रव्यवहारात दिसते. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरास दारूगोळा पुरविला. महाराजांनी १६६१ मध्ये त्यांची राजापूरची वखार लुटून त्याचे शासन केले. पुढे कान्होजी आंग्रे यांनी स्वतःचे दस्तक देऊन परवान्याचा हक्क मराठ्यांकडे घेतला. इंग्रजांनी त्यास चाचेगिरी ठरविले.

१९८२ च्या सागरी कायदा संकेतानुसार खुल्या समुद्रात चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, राष्ट्रीयत्वहीन जहाज इ. कारणांवरून युद्धनौकेस झडती घेता येते. शस्त्रतस्करीचा त्यांत समावेश नाही. त्यामुळे ध्वजराष्ट्राची संमती किंवा सुरक्षा परिषदेचा ठराव यांची गरज भासते. किनाऱ्यालगत मात्र जबाबदारी राष्ट्राचीच असते. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली. १२ मार्च रोजी मुंबईतील स्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर नौदल, तटरक्षक दल व सीमाशुल्क विभाग यांची ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त सुरू झाली. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे सोपविण्यात आली. समुद्रात न अडविलेले शस्त्र घाटमाथ्यावर वा शहरात शोधणे किती कठीण असते, हे या घटनांनी स्पष्ट केले.